पिवळा सदरा, पांढरा सदरा

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, नाणी आणि शिलालेख आपल्या डोळ्यांपुढे येतात. वस्त्राचा विचार आपण क्वचितच करतो. आणि खेळाडूच्या घामाने भिजणाऱ्या वस्त्राचा तर करीतच नाही. वाङ्मयाच्या मासिकात फुटबॉलच्या सदऱ्याची समीक्षा कशाला, असे काही वाचक विचारतील, आणि त्यांचा प्रश्न अगदीच अप्रस्तुत आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या कृतीमागे एका मनुष्याची कल्पकता आहे, जिच्यावर कडक अटींचे बंधन होते, जिने ते बंधन पाळूनही सौंदर्य साधले, आणि जिचा अर्थ पुढे कोट्यवधी लोकांनी आपापल्या परीने लावला, ती कृती समीक्षेच्या कक्षेत येत नसेल तर मग कोणती येते? ब्राझीलच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा पिवळा सदरा ही अशी कृती आहे. तिचा कर्ता पुढे कथालेखक म्हणून नावारूपास आला, ही गोष्ट वाङ्मयप्रेमी वाचकांस विशेष रुचेल.

अलीकडे जुन्या नमुन्यांचे सदरे हुबेहूब शिवून विकण्याचा व्यापार जगभर भरभराटीस आला आहे. त्यात १९७० सालच्या ब्राझीलच्या सदऱ्यास मोठा मान आहे. गर्द पिवळे अंग, हिरवी गोल गळपट्टी, बाह्यांच्या टोकांना हिरवी किनार, छातीवर संघटनेचा बिल्ला, पाठीवर हिरवा आकडा. याखेरीज त्यावर काही नाही. छातीवर कोणा पेढीची जाहिरात नाही, पाठीवर खेळाडूचे नाव नाही. आजच्या जाहिरातींनी बरबटलेल्या सदऱ्यांच्या शेजारी तो ठेवला म्हणजे साधेपणा हाही एक अलंकार आहे हे पटते. मूळ वस्तूचे मोल तर विचारूच नये. १९७०च्या अंतिम सामन्यात पेलेने घातलेला सदरा २००२ साली लंडनमधील लिलावात १,५७,७५० पौंडांस विकला गेला. आणि नक्कल कोठवर पोहोचली आहे ते पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या कोल्हापुरात तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ नांदतात, आणि विश्वचषकाच्या दिवसांत तेथील पेठापेठांतून ब्राझील व अर्जेंटिना यांच्या अभिमान्यांची निशाणे फडकतात. ब्राझीलचे नकाशातले स्थान चटकन दाखविता न येणारा मुलगाही तो पिवळा सदरा दुरून ओळखतो.

या प्रेमाबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती या नकला जी कथा सांगतात तिच्याबद्दल. त्या कथेत सूर्यप्रकाश आहे, पेले आहे, विजय आहे. आणि तेथेच ती संपते. वास्तविक हा सदरा विजयातून जन्मलेला नाही. तो एका पराभवाचे प्रायश्चित्त म्हणून शिवला गेला, आणि ते प्रायश्चित्त ज्याने काही पाप केले नव्हते अशा एका पांढऱ्या कापडास देण्यात आले. ही बाजू वगळली तर सदरा सुंदर राहील, परंतु त्याचा अर्थ लागणार नाही.

ब्राझीलच्या संघाचा पहिला सामना १९१४ साली रिओ दि जानेरो येथे एक्सेटर सिटी या इंग्रजी संघाशी झाला, आणि ब्राझीलने तो दोन गोलांनी जिंकला. तेव्हापासून १९५० पर्यंत बहुतेक काळ या संघाचा रंग पांढरा होता. हा पांढरा रंग अपयशी होता काय? मुळीच नाही. १९१९ साली रिओमध्येच दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपदाचा निर्णायक सामना झाला, तोही उरुग्वेशी. खेळ जादा वेळेत गेला, आणि आर्तुर फ्रीडेनराइख याने केलेल्या एकमेव गोलाने ब्राझीलने प्रथमच ते पद मिळविले. फ्रीडेनराइखचा पिता जर्मन वंशाचा आणि माता आफ्रिकी वंशाची होती. ते अजिंक्यपद पांढऱ्या सदऱ्यात मिळाले. शहर तेच, प्रतिस्पर्धी तोच, सदरा तोच. एकतीस वर्षांनंतर फक्त निकाल उलटा लागला.

ती १९५०ची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. त्या वर्षी विश्वचषक ब्राझीलमध्ये भरला. अखेरच्या फेरीत चार संघ परस्परांशी खेळणार होते. ब्राझीलने स्वीडनचा ७–१ आणि स्पेनचा ६–१ असा धुव्वा उडविला होता. त्यामुळे १६ जुलै रोजी उरुग्वेशी बरोबरी झाली असती तरी चषक ब्राझीलचाच होता. नव्याने बांधलेल्या माराकाना क्रीडांगणात तिकिटे काढून आलेले प्रेक्षकच पावणेदोन लाखांच्या घरात होते. सामना सुरू होण्यापूर्वीच शहराच्या प्रमुखाने ध्वनिक्षेपकावरून आपल्या खेळाडूंचे जगज्जेते म्हणून अभिनंदन करून टाकले. उत्तरार्धाच्या आरंभी फ्रिआसाने गोल केला तेव्हा त्या अभिनंदनात काही वावगे होते असे कोणास वाटले नसेल. मग उरुग्वेचा गिज्जा उजव्या बगलेने घुसला, त्याने चेंडू मध्यावर दिला, आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. सामना संपण्यास सुमारे अकरा मिनिटे असता गिज्जा पुन्हा त्याच वाटेने आला. गोलरक्षक मोआसिर बार्बोझा याने, मघाप्रमाणे चेंडू मध्यावर येईल, या समजुतीने एक पाऊल तिकडे टाकले. गिज्जाने चेंडू मध्यावर दिला नाही. जवळचा खांब आणि गोलरक्षक यांच्यामधल्या फटीतून त्याने तो आत मारला. उरुग्वे २, ब्राझील १.

पराभव झाला म्हणजे कारणे शोधणे हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु खरी कारणे बहुधा अप्रिय असतात. विजयाची आगाऊ खात्री, सत्काराची घाई, उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला याचे धैर्य, या गोष्टींचा विचार केला तर दोष साऱ्या समाजाच्या पदरी येतो, आणि तो घेण्यास कोणताही समाज सहसा तयार नसतो. मग साप म्हणून भुई धोपटणे सुरू होते. येथे भुई दोन ठिकाणी धोपटली गेली. पहिले ठिकाण म्हणजे बार्बोझा आणि त्याच्याबरोबर बचावातील बिगोदे व जुवेनाल. हे तिघेही कृष्णवर्णीय होते, हा योगायोग नव्हता असे ब्राझीलच्या इतिहासाचे अनेक अभ्यासक मानतात. दुसरे ठिकाण म्हणजे निळ्या गळपट्टीचा तो पांढरा सदरा. त्यात राष्ट्राचे काही नाही, त्याने खेळाडूच्या मनात देशाभिमान जागा होत नाही, असा त्याच्यावर ठपका आला. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण आळशी नर्तकासाठी वापरतो. येथे उत्तम नाचणाऱ्यांनीच अंगणाला दोष दिला.

१९५३ साली ‘कोर्रेयो दा मान्या’ या रिओच्या वृत्तपत्राने, राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या संमतीने, नव्या गणवेशासाठी स्पर्धा जाहीर केली. अट अशी की राष्ट्रध्वजातील हिरवा, पिवळा, निळा आणि पांढरा हे चारही रंग गणवेशात आलेच पाहिजेत. चित्रकलेची ज्यास थोडी दृष्टी आहे त्याच्या ध्यानात येईल की ही अट भलतीच अवघड आहे. ध्वजावर हे चार रंग शोभतात, कारण तेथे हिरवे क्षेत्र विस्तीर्ण आहे, त्यात पिवळा समभुज चौकोन आहे, त्यात निळा गोल आहे, आणि पांढरा रंग केवळ एका पट्टीपुरता व ताऱ्यांपुरता आहे. तीच मंडळी मनुष्याच्या छातीवर एकत्र आणली तर सर्कशीतल्या विदूषकाचा अंगरखा तयार होण्याची भीती असते.

या स्पर्धेत देशाच्या दक्षिण टोकाकडील पेलोतास या गावच्या अल्दिर गार्सिया श्ले नावाच्या तरुणाने भाग घेतला. १९३४च्या नोव्हेंबरात जन्मलेला हा तरुण तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता, आणि वृत्तपत्रांसाठी चित्रे काढीत असे. त्याने शंभराहून अधिक आराखडे काढून पाहिले. अखेर त्यास जी गोष्ट उमगली तिच्यात आमच्या मते त्याची सारी प्रतिभा आहे. चारही रंग गणवेशात आणावयाचे आहेत, सदऱ्यात नव्हे. हे त्याने ओळखले. सदऱ्यास त्याने पिवळा आणि हिरवा एवढेच दोन रंग दिले, अर्ध्या विजारीस निळा रंग देऊन तिच्या कडेला पांढरी पट्टी ठेवली, आणि पायमोजे पांढरे करून त्यांस हिरव्या-पिवळ्या रंगांची किनार दिली. ध्वज त्याने छातीवर चिकटविला नाही. तो साऱ्या देहावर उलगडला. अट पाळली गेली, आणि ती अट होती हे पाहणाराच्या लक्षातही येत नाही. वृत्ताचे बंधन पाळूनही ज्या कवितेत यमकासाठी ओढाताण दिसत नाही, तिच्याविषयी आपण जे म्हणतो तेच येथे म्हणावयास हरकत नाही. शेकडो आराखड्यांतून त्याचा आराखडा निवडला गेला. पुढे याच सदऱ्यावरून संघास ‘लहान कॅनरी पक्षी’ असे लाडके नाव पडले.

आता या कथेतील पहिला विनोद पहा. राष्ट्रीय वृत्ती जागी करणारा सदरा ज्याने रेखाटला, त्याचे मन राष्ट्राच्या सीमेच्या आत मावणारे नव्हते. श्लेचा जन्म जाग्वाराओ येथला. नदीच्या एका तीरावर हे ब्राझीलचे गाव, दुसऱ्या तीरावर उरुग्वेचे रिओ ब्रांको, आणि मध्ये १९३० साली पुरा झालेला पूल. आपल्याकडे बेळगाव-सोलापूरच्या बाजूस दोन भाषांत वाढलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस या मनाची ठेवण समजावून सांगण्याची गरज नाही. श्ले आयुष्यभर फुटबॉलमध्ये उरुग्वेचा पक्षपाती राहिला, आणि ते त्याने लपवून ठेवले नाही. त्याने कथा लिहिल्या त्या या सीमाप्रदेशाच्या. त्यांतील काही स्पॅनिश भाषेतही लिहिल्या. ज्या उरुग्वेने ब्राझीलचा पांढरा सदरा उतरविला, त्याच उरुग्वेच्या चाहत्याने ब्राझीलला पिवळा सदरा चढविला. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी तो वारला, आणि दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ब्राझील व उरुग्वे यांचा सामना झाला. एखाद्या कथाकाराने असा शेवट लिहिला असता तर आम्ही त्यास कृत्रिमतेचा दोष दिला असता.

दुसरा विनोद रंगाचा आहे. पिवळा म्हणजे ब्राझीलच्या भूमीतील सोने आणि हिरवा म्हणजे तेथील अरण्ये, असे शाळेतील मुलांस सांगितले जाते. परंतु हे रंग ध्वजावर आले ते १८२२ साली ब्राझील स्वतंत्र साम्राज्य झाले तेव्हा. हिरवा हा सम्राट पहिला पेद्रो याच्या ब्रागांझा घराण्याचा, आणि पिवळा हा त्याची राणी लिओपोल्दिना हिच्या हाब्सबुर्ग घराण्याचा. १८८९ साली प्रजासत्ताक आले, राजचिन्ह गेले, रंग मात्र राहिले. पांढऱ्या सदऱ्यात राष्ट्राचे काही नाही म्हणून जो पिवळा आणला, तो मुळात ऑस्ट्रियाच्या राजकन्येबरोबर आलेला. यात लाजण्यासारखे काही नाही. कोणतेही राष्ट्रचिन्ह जन्मतः राष्ट्राचे नसते. लोक त्यात आपला जीव ओततात तेव्हा ते राष्ट्राचे होते. पांढऱ्या सदऱ्यातही तसा जीव ओतला गेला होता, एवढेच आमचे म्हणणे.

तिसरा विनोद निकालाचा. १९५४च्या मार्च महिन्यात माराकानाच्या प्रेक्षकांनी पिवळा सदरा प्रथम पाहिला. चिलीवर १–० असा विजय मिळाला. परंतु त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील विश्वचषकात हंगेरीने ब्राझीलला ४–२ असे हरविले, आणि तो सामना हाणामारीमुळेच अधिक गाजला. नवा सदरा घालूनही संघ उपान्त्य फेरीच्या अलीकडेच गळाला. १९५८ साली स्टॉकहोमजवळ अंतिम सामना होता. प्रतिस्पर्धी स्वीडन, आणि त्यांचाही रंग पिवळा. रंगासाठी झालेल्या सोडतीत ब्राझील हरले. ऐन वेळी निळे सदरे विकत आणावे लागले, आणि पिवळ्या सदऱ्यांवरील बिल्ले उसवून त्यांवर टाचावे लागले. खेळाडू मनातून खचू नयेत म्हणून संघाचे प्रमुख पावलो माशादो दि कार्वाल्यो यांनी, निळा हा आपल्या आपारेसिदाच्या देवमातेच्या शेल्याचा रंग आहे, असे सांगून त्यांस धीर दिला. ब्राझीलने सामना ५–२ असा जिंकला. सतरा वर्षांच्या पेलेने दोन गोल केले. म्हणजे ज्या पहिल्या विश्वचषकासाठी एवढा खटाटोप करून पिवळा सदरा शिवला, तो चषक उचलताना खेळाडूंच्या अंगावर पिवळा सदरा नव्हताच! रंगात गुण असता तर हे घडते ना. कार्वाल्यो यांचे चातुर्य मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वस्त्रास अर्थ नसतो, तो द्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

१९६२ साली चिलीत पिवळ्या सदऱ्यात विश्वचषक मिळाला, आणि १९७० साली मेक्सिकोत सदऱ्यास अमरत्व आले. इटलीचा ४–१ असा पराभव करणारा तो संघ आजही अनेकांच्या मते सर्वोत्कृष्ट आहे. पण सदऱ्याच्या कीर्तीचे श्रेय केवळ खेळास देता येत नाही. विश्वचषकाचे रंगीत दूरचित्रप्रक्षेपण त्याच वर्षी प्रथम झाले, आणि मेक्सिकोच्या भर उन्हात तो पिवळा रंग पडद्यावर सोन्यासारखा तळपला. यातही एक करुण गंमत आहे. ब्राझीलमध्ये रंगीत प्रक्षेपण नियमितपणे सुरू झाले ते १९७२ साली. म्हणून ज्या सामन्यांनी पिवळा रंग जगाच्या डोळ्यांत भरला, ते बहुतेक ब्राझिली घरांनी करड्या छटांतच पाहिले.

त्या घरांवर त्या वेळी लष्करी राजवटीची छाया होती. १९६४ पासून १९८५ पर्यंत देश लष्कराच्या हाती होता, आणि १९७० साली अध्यक्षपदी असलेल्या जनरल मेदिसी यांची कारकीर्द तर अत्यंत कठोर मानली जाते. विश्वचषकास थोडेच महिने उरले असता साम्यवादी विचारांचे प्रशिक्षक जोआओ साल्दान्या यांना दूर करून झागालो यांना नेमण्यात आले. विजयानंतर सरकारने त्या यशाचा आपल्या प्रचारासाठी मनमुराद उपयोग करून घेतला. तुरुंगातील राजबंद्यांनी त्या सदऱ्यासाठी टाळ्या वाजवाव्या की नाही, हा प्रश्न त्या काळी काल्पनिक नव्हता.

तरीही हा रंग कायमचा कोणाच्या मालकीचा झाला नाही. १९८३-८४ साली अध्यक्षाची निवडणूक थेट जनतेने करावी म्हणून जी प्रचंड चळवळ झाली, तिनेही पिवळाच रंग आपला मानला. संघाचा कर्णधार आणि पेशाने वैद्य असलेला सॉक्रेटिस त्या चळवळीच्या व्यासपीठावर उभा राहिला. मागणी मान्य झाली तर आपण परदेशी खेळावयास जाणार नाही, असे त्याने लोकांस वचन दिले. २५ एप्रिल १९८४ रोजी प्रस्ताव फेटाळला गेला, आणि तो इटलीस गेला. पुढे २०१५-१६ साली अध्यक्षा दिल्मा रूसेफ यांच्याविरुद्ध निघालेल्या मोर्चांत हजारो लोक हाच सदरा घालून आले. २०१८ पासून बोल्सोनारो यांच्या अनुयायांनी त्यास आपले निशाण केले. आणि ८ जानेवारी २०२३ रोजी राजधानीतील शासकीय इमारतींवर हल्ला करणाऱ्यांपैकी अनेकांच्या अंगावर तोच होता. परिणामी दुसऱ्या बाजूच्या कित्येक नागरिकांस आपल्याच देशाचा सदरा अंगात घालणे नकोसे झाले. चळवळीत जन्मलेली टोपी पक्षांच्या हाती गेल्यावर तिचे काय होते, हे पाहिलेल्या आपल्या वाचकांस यात नवल वाटणार नाही.

आता राहिला बार्बोझा. आमच्या मते या सदऱ्याची खरी किंमत त्याच्याच हिशेबात मांडली पाहिजे. पांढऱ्या सदऱ्याला दोष देऊन तो बदलला, त्या बदलाने राष्ट्राच्या मनावरचा भार उतरला, असे आपण मानू. मग त्याच भाराखाली दबलेल्या मनुष्यासही मोकळे करावयास नको होते काय? तसे झाले नाही. तो सदरा इतरांच्या अंगावरून उतरला. बार्बोझाच्या अंगावरून तो कधीच उतरला नाही. पराभवानंतर वीस वर्षांनी एका दुकानात एका बाईने आपल्या मुलाला त्याच्याकडे बोट करून, साऱ्या ब्राझीलला रडविणारा माणूस हाच, असे सांगितल्याचे त्यानेच नमूद केले आहे. आपल्या देशात अधिकात अधिक शिक्षा तीस वर्षांची असताना आपण त्याहून कितीतरी अधिक भोगली, असेही तो आयुष्याच्या अखेरीस म्हणे. २०००च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, तो निवर्तला. त्याचा अपराध एवढाच की एकदा जसे घडले तसेच पुन्हा घडेल अशी त्याने अटकळ बांधली. अशी अटकळ आपण सारेच रोज बांधतो.

८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोन्ते येथे जर्मनीने ब्राझीलला ७–१ असे हरविले. घरच्या मैदानावरचा हा पराभव १९५०च्या पराभवाहून आकड्यांनी कितीतरी मोठा. आणि अंगावर तोच पिवळा सदरा. त्या वेळी रंग बदलावा असे कोणी गंभीरपणे सुचविले नाही. १९५० साली सदऱ्यावर जो न्याय लावला, तो २०१४ साली लावला गेला नाही, हे योग्यच झाले. पण मग पहिला न्याय चुकला होता हे आपोआप सिद्ध होते. जणू त्याची कबुली म्हणूनच की काय, २०१९ साली दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपदस्पर्धेतील पहिल्या सामन्यात, १९१९च्या विजयाच्या शताब्दीनिमित्त, ब्राझीलचा संघ पांढरा सदरा घालून उतरला आणि त्याने बोलिव्हियास ३–० असे हरविले. पांढऱ्या कापडास एकोणसत्तर वर्षांनी क्षमा मिळाली. त्याची नक्कल दुकानांतून विकलीही गेली.

जुन्या नमुन्याचा सदरा विकत घेणाराने तो घेऊ नये, असे आम्ही सुचवीत नाही. सुंदर वस्तू सुंदरच असते, आणि श्लेची कृती निःसंशय सुंदर आहे. परंतु ज्यास या वस्तूचा पुरता संग्रह करावयाचा आहे, त्याने पिवळ्याच्या शेजारी निळ्या गळपट्टीचा पांढरा सदराही टांगावा. तो न्यूनाचे किंवा अपशकुनाचे चिन्ह म्हणून नव्हे, तर आपला दोष दुसऱ्याच्या अंगावर चढविण्याची समाजाची सवय किती जुनी आहे याची आठवण म्हणून. कापडास क्षमा करणे सोपे असते. ते धुता येते, बदलता येते, शंभर वर्षांनी मिरविताही येते. माणसास क्षमा करावयाची तर त्याच्या हयातीतच करावी लागते.